पहाटे ४ ला उठणारा पैलवान रात्री ९ ला लढतो. कुस्तीचं घड्याळ नेमकं कुणाच्या हातात?

चिंचपोकळी (मुंबई) : यात्रा-जत्रांचा हंगाम आला की गावोगावी कुस्त्यांच्या मैदानाचे फ्लेक्स लागतात. एक नंबरची कुस्ती कुणाची, इनाम किती, पाहुणे कोण, सगळं मोठ्या अक्षरात असतं. एकच गोष्ट मात्र धड लिहिलेली नसते. कुस्ती किती वाजता? ‘दुपारी ३ पासून’ एवढंच असतं. ३ ला सुरू झालेलं मैदान रात्री ९ ला संपतं आणि ज्याच्यासाठी लोक आलेले असतात त्या पैलवानाला आपला नंबर कधी लागणार हे शेवटपर्यंत माहीत नसतं.

आता दुसरी बाजू बघा. हाच पैलवान तालमीत पहाटे ४ ला उठतो. त्याची खरी मेहनत सूर्य उगवायच्या आत होते. निवड चाचणीला गेला तर सकाळी वजन आणि त्याच दिवशी कुस्त्या. गावच्या यात्रेत संध्याकाळी. मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत रात्री दिव्याखाली. म्हणजे सराव एका वेळेला आणि लढत भलत्याच वेळेला. यानं ताकदीत फरक पडतो का? पडतो. किती पडतो आणि त्याचं काय करायचं, हे आज समजून घेऊ.

शरीराचं घड्याळ काय सांगतं?

आपल्या अंगात एक घड्याळ असतं. मेंदूत बसलेलं हे घड्याळ उजेड-अंधारावर चालतं. त्याच्या हिशोबानं अंगाचं तापमान दिवसभर कमी-जास्त होतं. पहाटे ४-५ च्या सुमाराला अंग सर्वांत थंड असतं आणि संध्याकाळी साधारण ५ ते ७ च्या दरम्यान सर्वांत गरम. फरक अर्ध्या ते एक अंशाचा. ऐकायला थोडा वाटतो, पण गरम स्नायू लवकर आखडतात, लवकर सैल होतात, सांधे मोकळे फिरतात. थंड इंजिन पहिल्या किकला सुरू होत नाही, तसंच हे.

म्हणून पकडीची ताकद, पायाचा जोर, उडी, झटका या गोष्टी बहुतेक लोकांत दुपारनंतर, ४ ते ८ च्या दरम्यान जास्त भरतात. अभ्यासांमध्ये हा फरक काही टक्क्यांपासून साधारण १० टक्क्यांपर्यंत दिसतो. ऑलिंपिकच्या जलतरणाचे २००४ ते २०१६ या चार स्पर्धांतले आकडे संशोधकांनी तपासले, तेव्हा सर्वांत वेगवान वेळा संध्याकाळी ५ च्या आसपास सापडल्या. तिथला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. पण ऑलिंपिकमध्ये कित्येकदा तेवढ्याच अंतरावर पदकाचा रंग ठरतो.

सगळ्यांचं घड्याळ सारखं नसतं, हेही लक्षात घ्या. काही पोरं पहाटेची असतात, काही रात्रीची. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात २०१५ साली खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की लवकर उठणाऱ्या प्रकृतीचा खेळाडू उठल्यावर साधारण साडेपाच तासांनी सर्वांत जोरात असतो. उशिरा उठणाऱ्याला त्यासाठी ११ तास लागतात. म्हणजे तालमीतल्या २० पोरांना एकाच वेळी उठवलं तरी वीसही जण एकाच वेळी जोरात येत नाहीत.

आता कुणी म्हणेल, डाव चांगला असेल तर वेळ कसली बघता? बरोबर आहे. कच्चा पैलवान संध्याकाळी ५ ला उतरला म्हणून पक्क्याला चितपट करणार नाही. डाव, वजन, दम, अनुभव या गोष्टी वेळेपेक्षा मोठ्या. पण तुल्यबळ जोड लागते तेव्हा तोळा-मासा फरकावर कुस्ती फिरते. तिथं वेळ मोजावी लागते.

गिरणगावानं हे सगळं भोगलंय

हा विषय चिंचपोकळीतून लिहायचं कारण आहे. भायखळा आणि करी रोडच्या मधलं हे स्टेशन. लालबाग, परळ, काळाचौकी, सातरस्ता हा सगळा गिरणगाव. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतून आणि कोकणातून आपल्या आजे-पणजोबांच्या पिढ्या इथं आल्या. गाळ्यात राहिल्या, खानावळीत जेवल्या आणि गावाकडची तालीम सोबत घेऊन आल्या. गिरणगावातल्या तालमी आणि व्यायामशाळा अशाच उभ्या राहिल्या.

पण गावातली तालीम सूर्यावर चालायची आणि इथली भोंग्यावर. पहिली पाळी साधारण सकाळी ७ ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते मध्यरात्र आणि तिसरी मध्यरात्र ते सकाळी ७. पहिल्या पाळीचा पैलवान संध्याकाळी आखाड्यात उतरणार, दुसऱ्या पाळीचा सकाळी. रातपाळीचा माणूस डोळ्यांवर झोप घेऊन जोर-बैठका मारणार. पाळी बदलली की सरावाची वेळ बदलली, झोपेची वेळ बदलली, जेवणाची वेळ बदलली. एका खोलीत दहा-वीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. एक उठला की त्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा.

आज शास्त्र सांगतं की पाळी बदलल्यावर शरीराचं घड्याळ जुळायला बरेच दिवस लागतात. म्हणजे ते जुळेपर्यंत पुढची पाळी दारात उभी. अशा अवस्थेत या माणसांनी कुस्ती टिकवली. कामगार कल्याण मंडळाची कामगार केसरी स्पर्धा याच कष्टकरी पैलवानांसाठी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि हळूहळू भोंगे कायमचे गप्प झाले. आता त्या जागांवर टॉवर आणि मॉल उभे आहेत.

याच भागात घड्याळावरून आणखी एक झगडा झालाय. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं देशभर एकच प्रमाणवेळ लावली. मुंबईची जुनी वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागं होती. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं, दगडफेकही झाली. कारण साधं होतं. घड्याळ पुढं गेलं, पण सूर्य काही पुढं गेला नाही. महापालिकेनं तर जुनी मुंबई वेळ पुढं कित्येक वर्षं सोडली नाही.

ही जुनी गोष्ट आजच्या पैलवानालाही लागू आहे. शरीर सूर्याचं ऐकतं, मोबाईलवरच्या घड्याळाचं नाही. मुंबईत घड्याळात पहाटेचे ४ वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशोबानं साधारण ३ वाजून २० मिनिटंच झालेली असतात. कोल्हापूरकडं साडेतीनच्या आत-बाहेर. गडचिरोलीत मात्र ४ ला दहाच मिनिटं कमी. एकाच राज्यात सूर्य अर्ध्या तासानं मागं-पुढं. गडचिरोलीचा पोरगा आणि मुंबईचा पोरगा दोघं घड्याळात ४ लाच उठतात, पण मुंबईचा पोरगा सूर्याच्या हिशोबानं अर्धा तास आधी उठलेला असतो.

पहाटे ४ चं गणित कुठं बिघडलं?

मग वस्ताद लोक पहाटे उठवायचे ते चुकीचं होतं का? अजिबात नाही. जुन्या तालमीचा पूर्ण दिवस बघा. पहाटे ४ ला उठणं, जोर-बैठका, मातीतली लढत. मग थंडाई, अंघोळ, जेवण. दुपारी दोन तास झोप. ४ नंतर परत मेहनत. दिवस मावळला की जेवण आणि ८-९ ला दिवे बंद. रात्रीची सात तास आणि दुपारची दोन तास, अशी नऊ तासांची झोप भरायची. पहाटेची वेळ उन्हापासून वाचवायची, शेतातल्या कामाला दिवस मोकळा ठेवायची. आणि संध्याकाळची मेहनत यात्रेच्या मैदानाच्या वेळेलाच पडायची. ही व्यवस्था कुणी प्रयोगशाळेत बनवली नव्हती, पण ती जुळलेली होती.

आता यातलं काय उरलं? पहाटे ४ तेवढं उरलं. रात्री ८ चे ११ झाले, कारण हातात मोबाईल आला. दुपारची झोप गेली, कारण कॉलेज आलं, भरतीचा क्लास आला, कुणाला कंपनीत ड्युटी आली. शेतकऱ्याच्या पोराला तर आणखी एक पाळी आहे, शेतीपंपाच्या विजेची. वीज रात्रीची असली की पोरगं १२ ला मोटर चालू करायला जातं, दारं धरतं, पहाटे परत येतं आणि तसंच तालमीत जातं. गिरणगावातली तिसरी पाळी बंद झाली, पण आपल्या शिवारात ती अजून चालू आहे.

इथं एक अभ्यास प्रत्येक वस्तादानं ऐकावा असा आहे. ट्युनिशियातल्या संशोधकांनी ज्युदो खेळाडूंवर प्रयोग केला. ज्युदो म्हणजे आपल्या कुस्तीचाच जपानी भाऊ. खेळाडूंना एकदा पूर्ण झोप दिली, एकदा उशिरा झोपवलं आणि एकदा रात्रीच्या शेवटच्या भागात लवकर उठवलं. मग सकाळी आणि दुपारी ताकद मोजली. पूर्ण झोप झाली तेव्हा दुपारची ताकद सकाळपेक्षा जास्त भरली. पण लवकर उठवलेल्यांची दुपारची ताकद घसरली. स्पर्धा दुपारी असेल तर उशिरा झोपण्यापेक्षा लवकर उठण्यानं जास्त नुकसान होतं, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडं तर दोन्ही एकदम चालतं. उशिरा झोपायचं, लवकर उठायचं आणि संध्याकाळी मैदानात जायचं.

दुसरी एक गोष्ट पाठीची. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यातल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्या-उठल्या वाकून वजन उचललं तर त्यांच्यावर ताण जास्त येतो. म्हणून अंथरुणातून उठून थेट समोरच्याला खांद्यावर उचलायला जाऊ नये. आधी चाला, पळा, अंग गरम करा. हे पैलवानाला जेवढं लागू तेवढंच पहाटे खताची पोती उचलणाऱ्या शेतकऱ्यालाही.

मैदानाची वेळ कोण ठरवतं?

पूर्वी मैदानाची वेळ सूर्य ठरवायचा. उन्हं कलली की हलगी वाजायची, लहान पोरांच्या बत्ताशा-रेवडीवरच्या कुस्त्या व्हायच्या आणि दिवस मावळायच्या आत एक नंबरची कुस्ती सोडवायलाच लागायची. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेलं खासबाग मैदान १९१२ चं. तेव्हाच्या मैदानांना दिव्यांचा आधार नव्हता. त्यामुळं मोठी कुस्ती आपोआप संध्याकाळी ५-६ ला पडायची. शरीर सर्वांत जोरात असतं तीच ही वेळ.

दिवे आले आणि वेळ माणसाच्या हातात आली. आता प्रमुख पाहुण्यांची गाडी तीन तास उशिरा येते. मग सत्कार, मग भाषणं. तोपर्यंत ५ ला अंग गरम करून बसलेला पैलवान थंड पडतो, परत गरम करतो, परत थंड पडतो. पोटात दुपारचं जेवण संपलेलं, नवीन खाता येत नाही. रात्री ९ ला हात मिळवले जातात तेव्हा तो उठून १७ तास झालेले असतात. मग कुस्ती रेंगाळली की प्रेक्षक शिट्ट्या मारतात आणि ‘नुरा कुस्ती’ म्हणून मोकळे होतात. प्रत्येक वेळी नुरा नसते. बऱ्याच वेळा पोरं दमलेली असतात.

मोठ्या स्पर्धांत टीव्ही आणि लाइव्ह प्रक्षेपण वेळ ठरवतं. १९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीची अंतिम लढतही आता दिव्याखाली बघायची सवय आपल्याला झालीय. जगातही हेच. ३० ऑक्टोबर १९७४ ला आफ्रिकेत किन्शासाला मोहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची मुष्टियुद्धाची लढत पहाटे ४ ला झाली, कारण त्या वेळी अमेरिकेत रात्रीचा टीव्ही चालू होता. अंग सर्वांत थंड असण्याची ती वेळ. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला मनिलामध्ये अली आणि जो फ्रेझर सकाळच्या उकाड्यात लढले, कारण तेच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जलतरणाच्या अंतिम फेऱ्या सकाळी घेतल्या, त्याही अमेरिकेच्या टीव्हीसाठी. गिरणीत मालकाचा भोंगा होता, इथं टीव्हीचा आहे. एवढाच फरक.

लेकींचा प्रश्न वेगळाच आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. तेव्हापासून खेड्यातल्या मुलींना मोठं स्वप्न मिळालं. पण मैदान रात्री १० ला सुटणार असेल तर किती आई-बाप मुलीला पाठवतील? परत यायला एसटी नसते. मुलींच्या कुस्त्या उजेडात लावणं ही सोय नाही, ती खेळात टिकून राहायची अट आहे.

वजनाची सकाळ

मॅटवरच्या कुस्तीत आणखी एक घड्याळ चालतं, वजनकाट्याचं. जागतिक संघटनेनं २०१८ पासून नियम बदलला. आधी वजन आदल्या दिवशी व्हायचं, आता लढतीच्या दिवशी सकाळी होतं, आणि लढती दोन दिवस चालल्या तर दोन्ही सकाळी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये याचा अर्थ सगळ्या देशाला कळला. विनेश फोगाट ६ ऑगस्ट २०२४ ला एका दिवसात तीन कुस्त्या जिंकली. रात्रभर पळून, घाम काढून, केस कापूनही ७ ऑगस्टच्या सकाळी ५० किलोला १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं उपांत्य फेरी हरल्यावर साधारण दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवलं आणि कांस्यपदक आणलं.

अमनचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण आपल्या तालुक्यातल्या पोरांनी त्यातून रात्रभर जागून वजन तोडायचं हा धडा घेऊ नये. त्याच्या शेजारी डॉक्टर होते, आहाराचे तज्ज्ञ होते. आपल्या पोराजवळ एक मित्र आणि एक प्लास्टिकचा जॅकेट असतो. पाणी तोडलेलं, झोप नाही आणि सकाळची वेळ, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर ताकद तर जातेच, जीवाचा धोकाही होतो.

दोन लढतींमधली विश्रांती किती महत्त्वाची, हे आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या बाबतीत दिसलं होतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या इशीशी लांबलेली लढत झाल्यावर त्यांना पुरेशी विश्रांती न देता लगेच सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं, आणि हक्काचा वेळ मागायला आपला अधिकारी तिथं नव्हता, असं आजही सांगितलं जातं. तरीही त्यांनी कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मग करायचं काय?

चांगली बातमी अशी, की शरीराला वेळ शिकवता येते. जो रोज सकाळी सराव करतो त्याची सकाळची ताकद वाढते आणि सकाळ-संध्याकाळचा फरक कमी होतो, असं अभ्यासांत दिसलंय. पोलीस भरतीची पोरं सकाळच्या मैदानी चाचणीसाठी पहाटेच धावतात, ते म्हणूनच बरोबर आहे. कुस्तीतही हाच नियम लावायचा.

पैलवानांनी:
– लढत कधी आहे ते आधी विचारा. पुढचे दोन-तीन आठवडे आठवड्यातून काही वेळा त्याच वेळेला पूर्ण जोरानं लढा.
– निवड चाचणी सकाळी असेल तर अंग गरम करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. सकाळचा तोटा त्यानं बराच भरून निघतो.
– मैदान संध्याकाळी असेल तर त्या दिवशी पहाटे ४ ला उठायचा हट्ट सोडा. झोप पूर्ण करा, दुपारी अर्धा-पाऊण तास पडा.
– रात्री विजेची पाळी असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटेची जड मेहनत टाळा. घरात दोन भाऊ असतील तर मैदानाच्या आठवड्यात मोटर दुसऱ्यानं बघावी.

वस्तादांनी:
– ९ वाजता मोबाईल गोळा करा. पहाटे उठवायचा अधिकार तुमचा आहे, तर रात्री झोपवायची जबाबदारीही तुमचीच.
– कोणतं पोरगं सकाळी खुलतं आणि कोणतं संध्याकाळी, ते वहीत लिहा. महिनाभरात चित्र दिसेल.

यात्रा कमिटीनं:
– फ्लेक्सवर पाहुण्यांच्या फोटोखाली पहिल्या पाच कुस्त्यांची वेळ छापा आणि ती पाळा.
– सत्कार-भाषणं मैदानाच्या सुरुवातीला किंवा शेवटी घ्या, मोठ्या कुस्तीच्या तोंडावर नको.
– मुलींच्या कुस्त्या दिवस मावळायच्या आत.

यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. गिरणी कामगाराला पाळी निवडायचा अधिकार नव्हता. ऑलिंपिकची वेळ आपल्या हातात नाही. रात्रीची वीज दिवसा मिळावी म्हणून शेतकरी अजून भांडतोय. पण गावच्या मैदानाची वेळ गावाच्याच हातात आहे. पोरगं वर्षभर घाम गाळून तिथं येतं. पाहुण्यांची गाडी आली नाही म्हणून त्याला चार तास ताटकळत ठेवायचं का, एवढं यंदाच्या कमिटीच्या बैठकीत एकदा कुणीतरी उठून विचारा.